आसरा, उपचार आणि वर्दी : बालकांच्या रुग्णालयांच्या इतिहासातील एक धागा

१

ज्या वास्तूत आजारी माणसाला ठेवून घेऊन त्याच्यावर उपचार करतात तिला मराठीत चार नावे आहेत : दवाखाना, इस्पितळ, रुग्णालय आणि हॉस्पिटल. पैकी पहिल्यातील 'दवा' अरबी व 'खाना' फारसी. दुसरा शब्द पोर्तुगिजांबरोबर गोव्यात उतरला व तेथून कोंकणीत आणि मराठीत रुळला. तिसरा संस्कृतातून घडविलेला, आणि चौथा इंग्रजी अमदानीतला. इस्पितळ व हॉस्पिटल हे शब्द दिसावयास दूरचे असले तरी एकच लॅटिन शब्द दोन वाटांनी व दोन निरनिराळ्या काळी आपल्याकडे आला आहे, हे भाषेच्या अभ्यासकांस सांगण्याची आवश्यकता नाही. त्या शब्दाच्या मुळाशी 'होस्पेस' हे नाम आहे. त्याचा अर्थ अतिथी असाही होतो आणि यजमान असाही होतो. ह्याच कुळातून युरोपीय भाषांत हॉटेल आणि होस्टेल हे शब्द निघाले. म्हणजे मूळ शब्दात आजाराचा वासही नाही. दारी आलेल्यास आत घेणे, एवढेच त्यात आहे.

आपला 'रुग्ण' शब्द मात्र अगदी वेगळ्या ठिकाणाहून येतो. 'रुज्' ह्या धातूचा धातुपाठात दिलेला अर्थ भंग, मोडणे असा आहे. तेव्हा रुग्ण म्हणजे मूळचा मोडलेला. एका शब्दात आसरा आहे, दुसऱ्यात मोड आहे. बालकांसाठी निघालेल्या रुग्णालयांचा इतिहास पाहू लागले असता हे दोन अर्थ कधी एकत्र आलेले, कधी परस्परांपासून पूर्णतः तुटलेले आढळतात. प्रस्तुत लेखकाचा विषय वैद्यक नव्हे. परंतु ह्या इतिहासात शब्दांनी, विशेषतः लिहिलेल्या आणि मुद्दाम न लिहिलेल्या शब्दांनी, जे काम केले आहे ते भाषाभ्यासकाने पाहण्यासारखे आहे. ह्या लेखातील प्रतिपाद्य थोडक्यात असे की, रुग्णालयाने मुलाला दिलेले संरक्षण पुष्कळ शतके न विचारण्यावर आणि न सांगण्यावर उभे होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते सांगण्यावर, म्हणजे वर्दी देण्यावर, उभे राहिले. आणि ह्या पालटाची किंमत आज आपल्याकडे काही मुलांना द्यावी लागत आहे.

आपल्या परंपरेतील एक दाखला येथेच देतो. विनयपिटकातील महावग्गात जीवक वैद्याची कथा आहे. राजगृहातील सालवती ह्या गणिकेने जन्मताच आपला मुलगा सुपात घालून उकिरड्यावर टाकविला. कावळ्यांनी वेढलेले ते मूल अभय राजकुमाराच्या दृष्टीस पडले. 'जिवंत आहे काय?' असे त्याने विचारले, 'आहे' असे उत्तर मिळाले, आणि त्या उत्तरावरून मुलाचे नाव जीवक पडले. तोच पुढे तक्षशिलेस जाऊन वैद्य झाला व बिंबिसाराची आणि बुद्धाची चिकित्सा करू लागला. त्याचे उपपद 'कोमारभच्च' असे आहे. मूळ ग्रंथ त्याचा अर्थ 'कुमाराने, म्हणजे राजपुत्राने, पोसलेला' असा देतो. पुष्कळ आधुनिक अभ्यासक मात्र त्यात आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी 'कौमारभृत्य' हे अंग पाहतात. एका अर्थी टाकलेले मूल, दुसऱ्या अर्थी मुलांचा वैद्य. कोणता अर्थ आधीचा, हा वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, कौमारभृत्यातील 'भृ' धातू चिकित्सेचा नसून धारण-पोषणाचा आहे, आणि सुश्रुतसंहितेत ह्या अंगाची व्याख्या करताना मुलाचे भरणपोषण आणि धात्रीच्या दुधाची शुद्धी ह्यांचा निर्देश रोगोपचाराच्या आधी येतो.

२

युरोपात बालकांसाठी उभारलेल्या वास्तूंपैकी ज्यांचा इतिहास सलग सांगता येतो त्यांत फ्लॉरेन्स येथील 'ओस्पेदाले देल्यी इनोचेन्ती', म्हणजे निष्पापांचे इस्पितळ, ह्याचे स्थान पहिल्या पंक्तीत आहे. रेशमाच्या व्यापाऱ्यांच्या संघाने १४१९ साली ब्रुनेलेस्की ह्या शिल्पज्ञाकडून त्याचे काम सुरू करविले आणि १४४५ साली ते उघडले. पहिले मूल मुलगी होती. येथे आजारी मुले येत नसत असे नाही. परंतु येण्याचे कारण आजार हे नव्हते, टाकले जाणे हे होते. पुढे अशा अनेक वास्तूंच्या भिंतीत फिरते लाकडी चक्र बसविले जाऊ लागले. बाहेरून त्यात मूल ठेवावयाचे, घंटा वाजवावयाची आणि निघून जावयाचे. आतला माणूस चक्र फिरवून मूल घेई. ठेवणाऱ्याचे तोंड घेणाऱ्याला दिसत नसे. फ्रान्समध्ये तर १८११ च्या फर्मानाने अशी चक्रे ठेवणे ही शासनाची व्यवस्थाच बनली. फ्लॉरेन्सचे चक्र १८७५ साली बंद झाले.

त्या चक्राचे तत्त्व असे की, आईला प्रश्न विचारला तर ती येणार नाही, आणि ती आली नाही तर मूल वाचणार नाही. अज्ञान हेच येथे संरक्षणाचे साधन होते. मुलाला नाव मात्र द्यावे लागे, आणि ह्या नावांनी इटालियन आडनावांचा एक सबंध थर तयार झाला आहे. फ्लॉरेन्सच्या बाजूला इनोचेन्ती. नेपल्सकडे एस्पोझितो, म्हणजे उघड्यावर ठेवलेला. रोमकडे प्रोइएत्ती, म्हणजे टाकलेला. मिलानकडे कोलोम्बो, कारण तेथील मोठ्या इस्पितळाच्या चिन्हावर कबुतर होते. ह्यांपैकी एस्पोझितो आणि कोलोम्बो ही आज इटलीतील अत्यंत प्रचलित आडनावे आहेत, आणि ती लावणाऱ्या बहुतेकांना त्यात काही उणेपणा वाटत नाही. नाव न विचारण्याच्या रीतीतून नावे निर्माण व्हावीत, हा भाषेचा एक विनोदच म्हणावयाचा.

पोर्तुगिजांनी ही सर्व व्यवस्था 'मिझेरिकॉर्दिया' नामक धर्मसंघांच्या द्वारा चालविली. लिस्बनचा असा संघ १४९८ चा. गोव्यातील संघाच्या कक्षेत गरिबांचे इस्पितळही होते आणि अनाथ मुलींचा सांभाळही होता. तेव्हा कोंकणी माणसाच्या तोंडी 'इस्पितळ' हा शब्द प्रथम बसला त्या वेळी तो आसऱ्याच्या आणि उपचाराच्या अशा दोन्ही कामांशी जोडलेला होता.

३

ह्या दोहोंची फारकत कशी झाली हे पाहण्यास लंडनचे 'फाउंडलिंग हॉस्पिटल' हे उत्तम उदाहरण आहे. आपल्याकडील भाषांतरांत त्याला 'अनाथ मुलांचे रुग्णालय' म्हटलेले आढळते. ते चूक आहे. तेथे रुग्णास प्रवेशच नव्हता. टॉमस कोरम हा निवृत्त दर्यावर्दी कप्तान लंडनच्या रस्त्यांच्या कडेला पडलेली मुले पाहून अस्वस्थ झाला. सुमारे १७ वर्षे खटपट करून त्याने १७३९ साली राजाची सनद मिळविली, आणि मार्च १७४१ मध्ये पहिली मुले घेतली गेली. नियम असे होते : मूल दोन महिन्यांहून मोठे नसावे, त्यास गंडमाळा, महारोग किंवा तत्सम सांसर्गिक रोग नसावा, आणि आणणाऱ्यास कोणताही प्रश्न विचारला जाऊ नये. म्हणजे चक्राचे तत्त्व राखले. परंतु आजारी मूल मात्र दारावरून परत जाई. मागणी इतकी झाली की १७४२ पासून चिठ्ठ्यांऐवजी रंगीत गोट्या काढून निवड करू लागले. आईने पिशवीत हात घालावयाचा. पांढरी गोटी आल्यास मूल आत, काळी आल्यास बाहेर, तांबडी आल्यास थांबावयाचे, आत गेलेल्यांपैकी एखादे तपासणीत नापास होईपर्यंत.

प्रत्येक मुलाचा एक कागद होई. त्यावर प्रवेशाची तारीख, अंगावरील कपडे, एखादी खूण. नाव नाही. आई कधी परत आलीच तर ओळख पटावी म्हणून बरोबर कापडाचा तुकडा किंवा एखादी वस्तू ठेवलेली असे. असे सुमारे ५,००० कापडाचे तुकडे त्या कागदांस टाचलेले आजही लंडनच्या दप्तरखान्यात आहेत. अठराव्या शतकातील गरीब बायकांच्या वस्त्रांचा एवढा मोठा संग्रह दुसरीकडे क्वचितच असेल, आणि इतिहासकार तो त्या कारणासाठी वापरतातही. परंतु मूळ वस्तू पावती आहे, हे विसरून चालणार नाही. न लिहिलेल्या नावाच्या जागी ती टाचलेली आहे.

१७५६ साली पार्लमेंटने पैसा दिला आणि अट घातली की कोणतेही मूल परत पाठवू नये. १७६० पर्यंतच्या चार वर्षांस थोड्या कमी काळात सुमारे १५,००० मुले आली. त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक दगावली. दूरच्या गावांतून टोपल्यांत घालून आणलेली मुले वाटेतच मरत. पाजण्यास दायांची संख्या अपुरी पडे. विल्यम कॅडोगन ह्या वैद्याने ह्याच संस्थेच्या चालकांना उद्देशून १७४८ साली बालसंगोपनावर निबंध लिहिला होता, आणि मुलांना घट्ट गुंडाळू नये, आईचे दूध द्यावे, हे त्यातील आग्रह त्या काळाच्या मानाने फार पुढचे होते. परंतु दूध कोठून आणावयाचे? आसऱ्याचे दार सताड उघडले आणि त्याच्या मागे पोषणाची व उपचाराची शक्ती नसली तर काय होते, ह्याचा इतका स्पष्ट हिशेब इतिहासात दुसरा नाही.

ह्या संस्थेची आणखी एक बाजू सांगितली पाहिजे. १७६७ साली विल्यम वॉटसन ह्या वैद्याने तेथील मुलांवर देवीच्या टोचणीचे प्रयोग केले. एकाच वयाची, एकच आहार घेणारी मुले निवडून त्यांचे गट पाडले. एका गटाला टोचणीपूर्वी पाऱ्याचे औषध, दुसऱ्याला साधे रेचक, तिसऱ्याला काहीच नाही. आणि अंगावर उठलेले फोड मोजले. पाऱ्याच्या औषधाचा काही विशेष उपयोग नाही असा निष्कर्ष त्याने १७६८ साली प्रसिद्ध केला. तुलनात्मक वैद्यकीय प्रयोगाच्या इतिहासात ह्याला मानाचे स्थान देतात आणि ते योग्यच आहे. तथापि हा प्रयोग तेथेच का करता आला, हा प्रश्न उरतो. ज्या मुलांसाठी 'नाही' म्हणणारे कोणी नाही अशी एकसारखी मुले दुसरीकडे कोठे मिळणार? 'अनाथ' ह्या आपल्या शब्दाचा अर्थ आईबाप नसलेला असा आपण करतो. शब्दशः तो ज्याला नाथ, म्हणजे रक्षणकर्ता, नाही असा आहे.

४

आजारी मुलांसाठी वेगळी रुग्णालये ह्यानंतर निघाली. पॅरिसचे 'ओपिताल दे झांफां मालाद', आजारी मुलांचे रुग्णालय, १८०२ चे. टाकलेल्या मुलांची संस्था त्याहून निराळी. लंडनमध्ये जॉर्ज आर्मस्ट्राँग ह्याने १७६९ साली गरिबांच्या मुलांसाठी औषधालय काढले होते, पण मुलांना ठेवून घेण्यास तो तयार नव्हता. आजारी मुलाला आईपासून अगर दाईपासून तोडले तर त्याचे काळीज फाटेल, आणि आयांना सोबत ठेवले तर वॉर्डात त्यांची आपापसांत व परिचारिकांशी भांडणे होतील, असे त्याचे म्हणणे होते. दोन्ही गोष्टी त्याने अनुभवाने म्हटल्या असाव्यात. पुढे चार्ल्स वेस्ट ह्याच्या खटपटीने ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर १० खाटांचे रुग्णालय फेब्रुवारी १८५२ मध्ये उघडले तेव्हाही दोन वर्षांखालील मुलांना सहसा ठेवून घेत नसत. डिकन्सने त्यासाठी लेखणी आणि वाणी दोन्ही झिजविली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही भीती मावळली आणि तिच्या जागी शिस्त आली. जंतूंचे ज्ञान झाल्यावर आईबाप हे संसर्गाचे वाहक ठरले. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात ब्रिटनमधील पुष्कळ रुग्णालयांत मुलाला भेटण्यास आठवड्यातून एक-दोनदाच परवानगी असे. मूल पहिले काही दिवस रडे, मग गप्प होई; आणि गप्प झाले म्हणजे 'रुळले' असे परिचारिका नोंदवीत. ह्या एका शब्दाने किती मुलांवर अन्याय केला असेल! न्यूकॅसलचे जेम्स स्पेन्स ह्यांनी आयांना मुलांसह ठेवण्याची रीत त्या काळात चालविली होती, पण ती अपवाद राहिली. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन ह्यांनी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या एका दोन-अडीच वर्षांच्या मुलीचा चित्रपट काढला. त्यात घडत असे काहीच नाही. मुलगी फारशी रडतही नाही. डॉक्टरमंडळी चिडली ती ह्यामुळेच, कारण 'रुळणे' म्हणजे काय ते पडद्यावर दिसले. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने भेटीचे निर्बंध उठविण्याची आणि लहान मुलांच्या आयांना राहू देण्याची शिफारस केली. आपल्याकडील सरकारी रुग्णालयांत मुलाच्या खाटेवरच आई निजते, ह्याचे श्रेय कोणत्याही समितीला नाही. परिचारिकांची चणचण आणि आयांचा हट्ट ह्यांनी ते साधले आहे.

५

आता महाराष्ट्राकडे वळू. कारण न विचारण्याचे तत्त्व येथे एका रुग्णालयाने नव्हे, तर एका घराने चालविले. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने गुप्तपणे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. फ्लॉरेन्सच्या चक्राचे वर्णन जोतीरावांच्या वाचनात आले होते की नाही हा प्रश्न गौण आहे. तीच गरज तेच उत्तर शोधते. ह्या गृहाचा हिशेब त्यांनी १८८४ साली सरकारास कळविलेल्या आपल्या मतात दिला आहे आणि तो फार कठोर आहे : तोवर ३५ विधवा तेथे बाळंत झाल्या, त्यांच्या मुलांपैकी ५ हयात, बाकीची ३० गेली. कारणही त्यांनीच दिले आहे. गरोदरपण लपविण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी मुलांना गर्भातच इजा झालेली होती.

आमच्या मते महाराष्ट्रातील बालसंरक्षणाच्या इतिहासातील हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य होय. फुल्यांचे घर गुप्तता देत होते, पण ती स्त्री तेथे पोहोचण्यापूर्वीच भीतीने आपले काम केलेले असे. आसरा उशिरा मिळतो, विष आधी. त्याच गृहातून दत्तक घेतलेला यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात त्याने पुण्याजवळ रुग्णांसाठी दवाखाना चालविला. तेथेच रुग्णसेवा करताना सावित्रीबाईंना प्लेगने गाठले व १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. जीवकाची कथा ज्यांना दंतकथा वाटते त्यांनी ही नोंद ध्यानात घ्यावी. १८७५ साली पंढरपुरास निघालेला प्रार्थना समाजाचा बालकाश्रमही ह्याच गरजेतून आला. यात्रेच्या गावी नवजात मुले टाकून जाण्याचे प्रकार होत असत.

मुंबईत मुलांच्या उपचाराची आणि संरक्षणाची व्यवस्था आरंभापासूनच दोन वेगळ्या दारांनी चालली. १९२४ च्या मुंबई बाल-अधिनियमाने निराधार व छळ होत असलेली मुले न्यायालयाच्या ताब्यात दिली. १९२९ साली परळच्या गिरणगावात बाई जेरबाई वाडिया रुग्णालय केवळ मुलांसाठी उघडले. एक दार पोलिसांचे, एक डॉक्टरांचे. मूल एकच असे.

६

ही दोन दारे जोडली ती क्ष-किरणांनी. ह्याला पूर्वपीठिका आहे. पॅरिसमध्ये आंब्रुआझ तार्दिय ह्या न्यायवैद्यकाच्या प्राध्यापकाने १८६० साली आईबापांकडून वा पालकांकडून छळ झालेल्या ३२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १८ मृत होती. वैद्यकीय जगाने तो ऐकून न ऐकल्यासारखे केले. डॉक्टरची सगळी विद्या आईबापांनी सांगितलेल्या हकिगतीवर उभी असते, आणि ती हकिगतच खोटी असेल ही कल्पना त्या विद्येच्या पायाशीच भिडते. १९४६ साली न्यूयॉर्कचे क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी ह्यांनी सहा तान्ह्या मुलांची माहिती दिली. मेंदूवरील आवरणाखाली रक्तस्राव, आणि त्याच मुलांच्या लांब हाडांत एकूण २३ मोड. काही ताजे, काही भरून आलेले. हाडे निरनिराळ्या तारखा सांगत होती, आईबाप एकही सांगत नव्हते. कॅफींनी स्पष्ट आरोप केला नाही. येथे 'रुग्ण' शब्दाचा धात्वर्थ अक्षरशः समोर येतो.

जुलै १९६२ मध्ये डेन्व्हरचे सी. हेन्री केंप आणि त्यांचे चार सहकारी ह्यांनी अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला. ७१ रुग्णालयांकडून एका वर्षातील ३०२ मुलांची माहिती त्यांना मिळाली. ३३ मुले दगावली होती, ८५ मुलांच्या मेंदूस कायमची इजा झाली होती. हे आकडे हादरविणारे खरे, पण काम केले ते लेखाच्या नावाने. केंप ह्यांनी 'बॅटर्ड चाइल्ड', म्हणजे बदडलेले, चेचलेले मूल, अशी संज्ञा योजली. आणि ती बोचावी ह्याच हेतूने योजली. शास्त्रीय संज्ञा सहसा भावनारहित असावी असे आपण विद्यार्थ्यांस शिकवितो. येथे नेमका उलट नियम उपयोगी पडला. तार्दियच्या शीर्षकातही छळाचा शब्द होता, परंतु डॉक्टरला निदान म्हणून कागदावर लिहिता येईल असे नाव त्याने दिले नव्हते. केंपने गुन्ह्याला आजाराचे नाव दिले, तेव्हा कोठे डॉक्टरला तो दिसू लागला. १९६३ ते १९६७ ह्या काळात अमेरिकेच्या सर्व राज्यांनी डॉक्टरवर वर्दी देण्याचे बंधन घालणारे कायदे केले. हजार वर्षांची रीत पाच वर्षांत उलटी झाली. आता मुलाचे संरक्षण म्हणजे त्याच्याविषयी कळविणे.

कळविण्याचे दोष दोन्ही बाजूंनी दिसून आले, ते इंग्लंडमध्ये. १९८७ साली क्लीव्हलंड परगण्यात काही महिन्यांत १२१ मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे निदान होऊन पुष्कळांना घरातून काढण्यात आले. बहुतेक पुढे परत गेली. बटलर-स्लॉस चौकशीच्या १९८८ च्या अहवालाने एका शारीरिक लक्षणावर प्रमाणाबाहेर भिस्त ठेवल्याबद्दल ताशेरे ओढले. पण मुलांचे म्हणणे ऐकले गेलेच पाहिजे, हेही बजावले. उलट १९९९ साली आफ्रिकेतून लंडनला आणलेली एक सात-आठ वर्षांची मुलगी जुलै महिन्यात दोन रुग्णालयांत येऊन गेली. पहिल्यात कनिष्ठ डॉक्टरांना संशय आला होता. वरिष्ठांनी खरूज असे निदान केले, आणि ह्या एका शब्दावर पोलिसांनी दिलेले संरक्षण उठले. दुसऱ्यात ती भाजल्याच्या जखमांनी जवळजवळ दोन आठवडे होती. फेब्रुवारी २००० मध्ये ती मेली तेव्हा तिच्या अंगावर १२८ जखमा व व्रण मोजले गेले. लॉर्ड लेमिंग ह्यांच्या २००३ च्या अहवालातील १०८ शिफारशींपैकी कितीतरी निव्वळ कागदाविषयी आहेत : कोणी काय पाहिले ते कोणी लिहावे, कधी लिहावे, दुसऱ्याने ते वाचले की नाही हे कसे कळावे. परिचारिकांनी पाहिलेल्या कित्येक गोष्टी टिपणांत उतरल्याच नव्हत्या.

७

भारतात हे बंधन २०१२ च्या लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या, 'पॉक्सो' नावाने रूढ असलेल्या, अधिनियमाने आले. कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याची माहिती असणाऱ्या कोणाही व्यक्तीने, अर्थात डॉक्टरनेही, ती पोलिसांस दिली पाहिजे. न दिल्यास शिक्षा आहे. मुलीची तपासणी स्त्री-डॉक्टरने आणि मुलीचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या समक्ष करावयाची, हे कलम २७ सांगते. पीडितास सरकारी वा खाजगी कोणत्याही रुग्णालयाने विनामूल्य उपचार दिलेच पाहिजेत, हे २०१३ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत आले आणि नव्या संहितेत कायम राहिले. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने टाकलेले अथवा हरवलेले मूल आढळल्यास २४ तासांच्या आत कळविण्याचे बंधन घातले, त्यात रुग्णालय व प्रसूतिगृह ह्यांचा नावाने उल्लेख आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ८१ मध्ये मुलाच्या विक्रीस शिक्षा सांगून, विकणारा रुग्णालयाचा वा प्रसूतिगृहाचा नोकर असल्यास ती वाढविली आहे. कायद्याने रुग्णालयाला रक्षक मानले तसे संशयितही मानले; अनुभव पाहता ते गैर नाही.

ह्या तरतुदींमुळे पूर्वी केसपेपरवर 'पडल्यामुळे' एवढ्या शब्दाने मिटणाऱ्या कित्येक गोष्टी आता मिटत नाहीत, हा मोठाच लाभ आहे. मुंबईत २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका आणि 'सेहत' ही संशोधनसंस्था ह्यांनी मिळून सुरू केलेल्या 'दिलासा' केंद्राने, हिंसेची विचारपूस करणे हे रुग्णालयाचेच काम आहे, ही कल्पना आपल्याकडे रुजविली. परंतु पॉक्सोने १८ वर्षांखालील सर्वांना बालक ठरविले आहे आणि संमतीचा प्रश्नच ठेवलेला नाही. परिणामी सोळा-सतरा वर्षांची मुलगी स्वखुशीच्या संबंधातून गरोदर राहिली तरी ती दाखवायला आली की डॉक्टरने वर्दी दिलीच पाहिजे. ती वर्दी तिच्या मित्राला तुरुंगात आणि तिच्या घराला वस्तीच्या तोंडी नेते, हे तिला ठाऊक असते. मग ती येत नाही. किंवा औषधाच्या दुकानातून नाही तर भोंदूकडून काही घेऊन झाल्यावर, रक्तस्राव थांबेनासा झाला म्हणजे येते. १८८४ साली फुल्यांनी सरकारला जे लिहिले त्याची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही. त्यांनी निदान दारावर प्रश्न विचारला नव्हता.

२९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताविषयीच्या एका निर्णयात ही कोंडी अंशतः फोडली. अशा अल्पवयीन मुलीची व तिच्या पालकांची विनंती असल्यास डॉक्टरने कलम १९ खालील वर्दीत तिचे नाव व ओळख पटेल असा तपशील देण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. वर्दी द्यावयाची, मात्र नाव वगळून. २०१५ च्या अधिनियमातही परिस्थितीच्या रेट्याने मूल टाकणाऱ्या आईबापांना शिक्षेतून वगळले आहे, आणि मूल रीतसर सोपवून देणाऱ्यांना फेरविचारास दोन महिने दिले आहेत. ज्यांना चक्राचा इतिहास ठाऊक आहे त्यांना ही कलमे अनोळखी वाटणार नाहीत. कलम १९ मात्र जसेच्या तसे आहे, आणि निर्णयातील सवलत पालकांच्या विनंतीची अपेक्षा धरते. ज्या मुलीला पालकांचीच भीती आहे तिच्यासाठी नाव न लिहिण्याची ही मुभा अद्याप पोहोचलेली नाही.